मृगाचा पाऊस आणि न दिसणारा मृग

जयंत नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. प्रश्नाला इतकं मोल देणारी ही रीत मला फार आवडते. या महिन्याच्या टपालात पंचांग आणि आकाश यांच्या नात्याबद्दलचे प्रश्न जास्त होते. ते बहुतेक मोठ्या माणसांनी विचारले आहेत आणि वर्षानुवर्षं मनात ठेवून विचारले आहेत, म्हणून आज त्यांना जास्त जागा देतो आहे.

प्रश्न : आमच्याकडे ७ जूनला मिरग निघतो. आजोबांपासून पेरणीची तयारी या दिवसावर चालते. पण शाळेत मृग नक्षत्र म्हणून जे तारे दाखवले, ते तर थंडीत दिसतात. जूनमध्ये रात्रभर शोधलं तरी सापडत नाहीत. मग मिरग निघतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस सांगतात, त्यात तथ्य किती? (परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी)

जूनमध्ये मृग सापडत नाही, यातच तुमचं उत्तर आहे. पंचांग मृग लागल्याचं सांगतं, तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात शिरलेला असतो. सूर्य ज्या ताऱ्यांच्या दिशेला असतो ते तारे त्याच्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. म्हणजे ७-८ जूननंतरचे दोन आठवडे मृग भर दुपारी आपल्या माथ्यावर असतो. तुम्ही औत धरून उभे असता तेव्हा तो वरच असतो, फक्त उजेडामुळे दिसत नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सूर्य ताऱ्यांमधून रोज साधारण एक अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. ३६० अंशांच्या या वाटेचे २७ भाग केले की प्रत्येक नक्षत्राच्या वाट्याला १३ अंश २० कला येतात. तेवढं अंतर कापायला सूर्याला १३-१४ दिवस लागतात. मेच्या २५ तारखेच्या सुमारास रोहिणी, मग मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, असं करत सप्टेंबरच्या शेवटी तो हस्तात पोचतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं, त्यासाठी जानेवारीपासून लक्ष ठेवायला हवं. जानेवारीच्या मध्याला रात्री दहा-साडेदहाला मृग ऐन उंचीवर असतो. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन, त्यात एका ओळीत तीन तारे. हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, सापडतो. चौकोनातला तांबूस तारा काक्षी आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तो राजन्य. हेच तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून महिन्याभरात दोन तासांचा फरक पडतो. एप्रिल संपता संपता दिवेलागणीला मृग पश्चिमेला टेकलेला दिसेल. मेच्या उत्तरार्धात तो संधिप्रकाशात बुडतो. त्यानंतर पहाटे पूर्वेला तो पुन्हा दिसू लागतो जुलैत, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं.

आता पावसाचं. राजन्य आपल्यापासून साडेआठशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा आपल्या ढगांशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे तिच्याकडे ओढले जातात आणि मोसमी पाऊस सरासरीने १ जूनला केरळात, ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो. त्याच दिवसांत सूर्य मृगात असतो. ज्यांच्या भिंतीवर छापील कॅलेंडर नव्हतं त्यांनी ऋतूची खूण म्हणून सूर्याचं नक्षत्र धरलं आणि ही निवड अतिशय शहाणपणाची होती. चांद्र महिन्यांवर पेरणी बेतता आली नसती, कारण ज्येष्ठ कधी मेच्या मध्याला सुरू होतो तर कधी जूनच्या मध्याला. सूर्यनक्षत्राची तारीख मात्र दरवर्षी तीच, फार तर एका दिवसाने मागेपुढे. आपल्या शेतकऱ्याने सण चंद्रावर ठेवले आणि शेती सूर्यावर.

वाहनाबद्दल मात्र मी स्पष्टच सांगतो. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, यावरून मोजून वाहन ठरवतात. त्या मोजणीत वारा, बाष्प, हवेचा दाब यांपैकी काहीही नसतं. बेडूक किंवा हत्ती आला म्हणून बियाणं मातीत टाकू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावर पेरा, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीच्या खर्चातून वाचवणारा आहे.

एक गोष्ट अजून. हजार वर्षांपूर्वी याच ऋतूत, याच दिवसांत सूर्य मृगात नसायचा. तो आर्द्रात पोचलेला असायचा. आणखी हजार वर्षांनी पावसाच्या तोंडावर तो रोहिणीत असेल. असं का, हे पुढच्या उत्तरात येतं आहे.

प्रश्न : दिवस २२ डिसेंबरनंतर मोठा होऊ लागतो असं भूगोलात शिकवत आले. मग उत्तरायण म्हणून संक्रांत १४ जानेवारीला का? आणि पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं ऐकलं आहे, ते खरं का? (पुण्यातील एक निवृत्त शिक्षिका)

बाई, तुम्ही शिकवलंत ते बरोबर आहे. सूर्याचं उत्तरेकडे वळणं २१-२२ डिसेंबरलाच होतं. संक्रांत ही वेगळी घटना आहे. त्या दिवशी सूर्य ताऱ्यांच्या हिशेबाने मकर राशीत शिरतो. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत. तेव्हा मकरसंक्रमण म्हणजेच उत्तरायण असं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्यानंतर दोन्ही तारखा हळूहळू एकमेकींपासून दूर गेल्या.

कारण पृथ्वीच्या आसात आहे. वेग मंदावलेल्या भोवऱ्याचा आस जसा स्वतःभोवती एक गोल काढत फिरतो, तसा पृथ्वीचा आसही फिरतो. फक्त एका फेरीला त्याला जवळपास २६,००० वर्षं लागतात. चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या विषुववृत्तावरच्या फुगवट्याला ओढत असतात, त्यातून हे घडतं. याला आपण परांचन गती म्हणतो. तिच्यामुळे ऋतूंचं वर्ष आणि ताऱ्यांचं वर्ष यांत वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ७१-७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपलं कॅलेंडर ऋतूंशी बांधलेलं आहे आणि संक्रांत ताऱ्यांशी, म्हणून संक्रांत सत्तरेक वर्षांत एक तारीख पुढे सरकते. कधी १४ आणि कधी १५ जानेवारी हा जो फरक दिसतो, तो बराचसा लीप वर्षांचा परिणाम आहे. संक्रमणाची वेळ दरवर्षी सहा तासांनी उशिरा येते आणि लीप वर्षाच्या पुढच्या वर्षी एकदम मागे खेचली जाते.

हाच हिशेब पानिपतला लावून पाहू. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला. तेव्हापासून सुमारे २६५ वर्षं गेली. जुन्या पंचांगांतलं सूर्यसिद्धान्ताचं वर्ष किंचित मोठं आहे. ते धरलं की एवढ्या काळात चार दिवसांची सरक होते. म्हणजे १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येऊन गेली होती. पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म पाहा. ते संक्रांतीला जन्मले आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. १७६१ मध्ये १०, १८६३ मध्ये १२, आज १४-१५, असा हा क्रम लागतो. पानिपतावर आपली माणसं अन्नान्नदशेत अडकली होती तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. लढाईची तारीख पक्की आहे, मराठी मनातलं तिचं दुःखही पक्कं आहे. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती.

या परांचन गतीवर महाराष्ट्रात फार मोलाचं काम झालं आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिलं. एके काळी वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगात होता, अशा खुणा वैदिक वाङ्मयात आहेत, असं त्यांनी मांडलं आणि त्यावरून तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे नेला. त्यांचा निष्कर्ष आजचे सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. पण आकाश हेच घड्याळ मानून ग्रंथाचा काळ काढण्याची ती धडपड वाचताना आजही अंगावर काटा येतो. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आला. कोकणातल्या मुरूडचा हा शिक्षक. बाई, तुम्हाला या विषयाची गोडी असेल तर दीक्षितांचं पुस्तक मिळवून वाचाच.

ध्रुवताराही याच गतीमुळे कायमचा ध्रुव नाही. पावणेपाच हजार वर्षांपूर्वी कालेय नक्षत्रातला ठुबान हा तारा ध्रुवाच्या जागी होता आणि बारा हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या जवळ असेल.

प्रश्न : आमच्या सरांनी सांगितलं की एका दिवशी सावली गायब होते. तो दिवस कोणता आणि सावली बरोबर बारा वाजता जाते का? (कोल्हापूर, इयत्ता सातवी)

सावली त्या दिवशी वस्तूच्या अगदी खाली जाते, म्हणून दिसत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर आला तरच असं होतं आणि ते कर्कवृत्त ते मकरवृत्त या पट्ट्यातच घडतं. सगळा महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात आहे, त्यामुळे आपल्याला हा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. दिल्लीच्या मुलांना एकदाही मिळत नाही.

सूर्य उत्तरेकडे सरकताना ज्या गावाच्या अक्षांशावर पोचतो, त्या गावाचा तो दिवस. कोल्हापूर ६ मेच्या सुमारास, पुणे १३-१४ मे, मुंबई १५-१६ मे, नागपूर २६ मे. परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा डोक्यावर येतो, पण पावसाळी ढगांमुळे ती संधी बहुधा हुकते. म्हणून मे सोडू नकोस.

वेळ बाराची नसते. आपली घड्याळं ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी, नागपुरात बारा-दहाच्या सुमारास. कोल्हापूरची वेळ या दोहोंच्या मधली, पण मुंबईला जवळची. घरातला सरळ कडांचा डबा गच्चीवर अगदी सपाट जागी उलटा ठेव आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण कर. सावली आखडत आखडत डब्याच्या पश्चिम कडेखाली जाईल, क्षणभर चारही बाजू मोकळ्या दिसतील आणि मग पूर्वेकडून काळी कडा बाहेर येईल. खुणा पुसू नकोस. त्यांवरून तुझ्या गच्चीची खरी पूर्व-पश्चिम दिशा मिळते. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही.

प्रश्न : अवकाशस्थानकात शुभांशु शुक्ला तरंगत होते, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं ना? (ठाणे, इयत्ता नववी)

असतं, आणि भरपूर असतं. स्थानक जमिनीपासून फक्त ४०० किलोमीटरवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ८९ टक्के आहे. तरंगण्याचं कारण म्हणजे स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्रच पडत असतात. एका सेकंदात स्थानक सव्वाचार मीटरहून थोडं जास्त खाली येतं. त्याच सेकंदात ते सुमारे ७.६६ किलोमीटर पुढे गेलेलं असतं आणि एवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तेवढाच खाली वळतो. त्यामुळे पडूनही जमीन जवळ येत नाही. एक फेरी सुमारे दीड तासाची. हे आकडे स्वतः मांडून बघ, नववीच्या भूमितीत बसतात.

प्रश्न : लग्नात गुरुजी अरुंधती दाखवतात. मला ती कधीच दिसली नाही, मी नुसती मान हलवली. ती खरंच दिसते का? (सांगली)

दिसते, पण योग्य महिन्यात आणि योग्य वेळी. सप्तर्षींच्या शेपटीकडच्या तीन ताऱ्यांतला मधला वसिष्ठ आणि त्याला अगदी लगटून असलेला मंद तारा म्हणजे अरुंधती. डिसेंबरात लग्न असेल तर हे दोघे मध्यरात्रीच्या सुमारास उगवतात. त्यामुळे दुपारच्या किंवा संध्याकाळच्या मुहूर्तावर ते दिसणं शक्यच नसतं. तुम्ही मान हलवलीत यात काही चुकलं नाही. मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, सप्तर्षी उंचावर असतील. गावाबाहेरच्या काळोखात चांगल्या नजरेला दोन्ही तारे वेगळे दिसतात. शहरात साधी द्विनेत्री घ्या.

दोघेही आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत. दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठ एकटा नाही. तो चार ताऱ्यांचा समूह आहे आणि अरुंधती दोन ताऱ्यांची. यजमानांना सोबत न्या, पुन्हा एकदा पाहा.

प्रश्न : नारायणगावजवळ खोडदला जाळीच्या प्रचंड अँटेना आहेत. ती दुर्बीण आहे म्हणतात, पण जाळीतून तर आरपार दिसतं. मग तिला दिसतं काय? पावसाळ्यात ती बंद असते का? आम्हाला बघता येईल का? (नाशिक, महाविद्यालयीन विद्यार्थी)

ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. चौदा मधल्या भागात जवळजवळ आणि सोळा तीन फाट्यांवर लांब पसरलेल्या. टोकाच्या दोन अँटेनांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. सगळ्यांचे संदेश प्रकाशतंतूंनी एका जागी आणून संगणक ते जुळवतो आणि बारकावे टिपण्याच्या बाबतीत ही सगळी मांडणी २५ किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीचं काम करते.

जाळीचं कोडं तरंगलांबीने सुटतं. ही दुर्बीण साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या लहरी टिपते. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. इतक्या लांब लहरींना ती भोकं जाणवतच नाहीत. त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग पत्रा. वारा मात्र भोकांतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. भारतात, भारतीय हिशेबात, जगाने हेवा करावा असं यंत्र कसं बांधायचं, याचं हे उत्तर मला अतिशय सुंदर वाटतं.

रेडिओलहरींना ढग आडवे येत नाहीत, दिवसाचा उजेडही आडवा येत नाही. त्यामुळे खोडदला पावसाळ्यात आणि भर दुपारीही निरीक्षण चालतं. जोराचा वारा सुटला तर तेवढ्यापुरत्या अँटेना आकाशाकडे तोंड करून स्थिर ठेवतात.

तिला काय दिसतं? दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू, स्पंदक तारे, दीर्घिकांच्या समूहांतली चुंबकीय क्षेत्रं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने आणखी एक काम केलं. युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर खोडदची दुर्बीण ऐकत होती. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी तो संदेश थांबला. काहीतरी बिघडलं आहे हे त्यावरून लक्षात आलं. यान कोसळल्याची जागा पुढे नासाच्या यानाने काढलेल्या छायाचित्रात सापडली.

बघता येईल. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. त्या सुमारास खोडदला सर्वांसाठी प्रदर्शन भरतं आणि शाळा-महाविद्यालयांची मुलं आपापले प्रकल्प घेऊन येतात. तारखा आधी विचारून घ्या आणि एसटीने नारायणगावपर्यंत जा. आत शिरताना मोबाईल बंद करायला सांगतात, तो मनापासून बंद करा. चंद्रावर कुणी एखादा साधा मोबाईल चालू ठेवला, तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक रेडिओस्रोतांपैकी एक वाटेल. तुमचा तर तिच्या दारातच असणार आहे.